एक जूनची पोरं

सयाजीराव सरनाईकांनी चौतीस वर्षं शाळेत क्लार्कची नोकरी केली, पण एकाही जुन्या विद्यार्थ्याला त्यांनी कधी "तुझं नाव काय रे?" असं विचारलं नाही. शिवाजी पेठेत भाजी घेताना ते भाजीवालीला सांगत, "तू शहाण्णवची, ब तुकडी. गणितात दोनदा उडालीस." ती लाजायची आणि मूठभर कोथिंबीर जास्त टाकायची. रिटायर होऊन वर्ष झालं तरी पेठ त्यांना क्लार्कसाहेबच म्हणायची, आणि खरं सांगायचं तर त्या हाकेवरच ते जगत होते. त्यामुळं शाळेनं परत बोलावलं तेव्हा त्यांनी दोन दिवस आधीच कपडे इस्त्रीला टाकले.

बोलावलं होतं मुख्याध्यापिका पूर्णिमा मॅडमनी. त्याही याच शाळेत शिकलेल्या. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस पेठेतली पोरं दारातनं उचलून न्यायला लागल्यापासून शाळेचा पट घटत चालला होता, आणि आता शाळेला तारलं तर जुनी पोरंच तारतील, असं मॅडमच्या मनानं घेतलं होतं.

"नुसतं एक दिवस जमायचं, जेवायचं, फोटो काढायचे, याला मी नातं म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकानं वर्षातून दोन दिवस शाळेत यायचं. जो फिटर असेल त्यानं फिटिंग शिकवायचं, जी नर्स असेल तिनं मलमपट्टी. पण त्यासाठी आपणही त्यांना असं काहीतरी दिलं पाहिजे की त्यांचा पाय इकडं वळेल. सयाजीकाका, आपल्याकडं सगळ्यांचे पहिलीतले प्रवेश अर्ज आहेत ना? आई-वडिलांची सही, नाहीतर अंगठा असलेले? ज्याचा त्याला देऊया, छान लॅमिनेट करून. झेरॉक्स आपल्याकडं ठेवू."

"वा!" सयाजीराव म्हणाले. "झकास कल्पना." आणि म्हणता म्हणताच थांबले. दोन हजार सालच्या दहावीच्या बॅचमधला एक अर्ज त्यांना आठवला होता.

आता हे नीट सांगायला हवं. महाराष्ट्रात एका पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. आईला तारीख माहीत नसायची, शाळेला ती हवी असायची, मग क्लार्क किंवा गुरुजी बेधडक १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण सयाजीरावांनी नव्वद साली जे केलं ते इतकं साधं नव्हतं.

नोकरीचं ते त्यांचं पहिलंच वर्ष. पहिलीच्या ब तुकडीला तीन पोरं कमी पडत होती. तीस सप्टेंबरला पट मोजला जाई. तो भरला नाही तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद म्हणजे एका गुरुजींची नोकरी टांगणीला. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "सयाजी, बघ की जरा." चोवीस वर्षांचा सयाजी बघायला बाहेर पडला. शाळेमागं एक इमारत उठत होती. तिथं मीनाबाई नावाची बाई गवंड्याच्या हाताखाली पाट्या टाकत होती आणि तिचं पोरगं वाळूच्या ढिगावर उन्हात खेळत होतं. "बाई, दिवसभर सावलीत बसंल, चार अक्षरं शिकंल," सयाजीनं सांगितलं. बाईला पटलं. त्याच दिवशी पदराला हात पुसत ती ऑफिसात आली.

"जल्म कधीचा?"

"जयंतीला झाला," ती जराही न अडखळता म्हणाली. "चवदा एप्रिलला. औंदाच्या जयंतीला चार पुरी झाली."

सयाजीची एक सवय होती. पालक जे बोलेल ते आधी तो अर्जाच्या कडेला पेन्सिलीनं टिपून घ्यायचा, मग रकान्यात शाईनं भरायचा. कडेला त्यानं लिहिलं : आई म्हणते जयंतीला झाला, ४ पूर्ण. पण चार वर्षांचं पोरगं पहिलीत चालत नव्हतं. मग रकान्यात शाईनं लिहिलं : १ जून १९८४. एका फटक्यात पोरगं सहा वर्षांचं झालं. मीनाबाईचा डावा अंगठा धरून त्यानंच ठसा उठवून घेतला. तुकडी वाचली, गुरुजी वाचले, मुख्याध्यापकांनी मिसळ खिलवली. आणि प्रसेनजीत नावाचं ते पोरगं आपल्याहून दोन वर्षांनी मोठ्या पोरांच्यात बसून मुकाट शिकलं, दहावी झालं, बारावीही झालं.

त्याला मिलिटरीत जायचं होतं. पहिल्या भरतीला गेला तेव्हा कागदावर तो वीस वर्षांचा आणि अंगानं अठराचा. छाती दोन सेंटिमीटर कमी भरली. मग पोरानं दीड वर्ष जीव तोडून मेहनत केली, पहाटे रंकाळा तलावाला फेऱ्या मारल्या. पुढच्या भरतीला पळण्यात पहिल्या पाचात आला, छातीही भरली. शेवटी कागदाच्या टेबलावर साहेबानं दाखला बघितला आणि परत केला. भरतीची मर्यादा एकवीस, आणि कागदावर एकवीस उलटून सहा महिने झाले होते. खरं वय होतं एकोणीस.

दोन हजार सहाच्या जानेवारीत तो आईला घेऊन शाळेत आला. ऑफिसात चार माणसं बसली होती. "सायब, आई म्हणती मी शहाऐंशीचा हाय. तुमच्या दाखल्यात चौऱ्याऐंशी कसं?"

सयाजीरावांना तेव्हाच सगळं आठवलं होतं. त्यांची स्मरणशक्ती काय वर्णावी! पण चार माणसं ऐकत होती. खोटी नोंद केली म्हणून नोकरी जाईल, पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढंच डोक्यात आलं. ते म्हणाले, "तुझ्या आईनं सांगितलं तेच लिवलं. आमी काय घरचं घालतो व्हय?"

दारात उभी असलेली मीनाबाई म्हणाली, "मी चार म्हनलं हुतं वो, सायब."

"बाई, सोळा वर्सांपूर्वीचं तुमाला काय आठवतंय?" मान वर न करता सयाजीराव म्हणाले. "हितं कागूद बोलतो."

चौघांनी माना डोलावल्या. शिकलेल्या क्लार्कचं खरं मानायचं की पाट्या टाकणाऱ्या बाईचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. प्रसेनजीत गर्रकन आईकडं वळून ओरडला, "सोताचं पोरगं कधी झालं त्ये बी तुला ध्यानात ऱ्हाईना?" मीनाबाईनं एकदा सयाजीरावांकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "असंल मग. माझंच चुकलं असंल." आणि दोघं निघून गेली.

मुद्दा काय, तर तो अर्ज आता लॅमिनेट होऊन प्रसेनजीतच्याच हातात जाणार होता. पेन्सिलीच्या ओळीसकट.

पहिले आठ दिवस सयाजीरावांनी फोनचं काम मन लावून केलं. लाल फडक्यांतले गठ्ठे सोडायचे, अर्ज काढायचे, नंबर शोधून फोन लावायचा. पलीकडनं "क्लार्कसाहेब, तुम्ही!" असा आवाज आला की गडी खूश. पण दोन हजारची बॅच जसजशी जवळ येऊ लागली तसतसं त्यांचं जेवण कमी होत गेलं. प्रसेनजीतच्या नावापुढं त्यांनी "संपर्क नाही" असा शेरा मारला. मग ऑफिसात कुणी नाही बघून त्याचा अर्ज गठ्ठ्यातनं काढला, चार घड्या घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि घरी नेला.

फाडावा म्हणून तीनदा हातात घेतला. फाडता येईना. चौतीस वर्षांत त्यांनी शाळेचा एक कपटा फाडला नव्हता; उंदरानं कुरतडलेले कागदसुद्धा खळ लावून चिकटवले होते. पेन्सिलीची ओळ खोडरबरानं खोडावी म्हटलं, तर रबर कागदाला न टेकवताच ठेवून दिलं. घरात ठेवावा तर बायकोच्या हाती लागायची भीती. शेवटी तो खिशातच राहिला. शर्ट बदलला की कागदही नव्या शर्टाच्या खिशात जायचा. बायको म्हणाली, "सारखं छातीला हात लावताय, दुखतंय काय?" त्यावर ते तिच्यावरच खेकसले.

चार दिवसांनी मॅडम आनंदानं ऑफिसात आल्या. "सयाजीकाका, तुमचा हरवलेला सापडला! प्रसेनजीत. बॅचच्या पोरांनीच शोधून काढला. एसटीत ड्रायव्हर आहे, गारगोटी डेपोला. येतो म्हणालाय."

"छान झालं," सयाजीराव म्हणाले आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

त्यानंतर रंकाळा स्टँडवरनं जायची त्यांची हिंमत होईना. कोपऱ्यावर एसटीचा हॉर्न वाजला तरी धस्स व्हायचं. खाकी कपड्यातला उंच माणूस दिसला की ते गल्ली बदलायचे. डोक्यात एकच चित्र फिरत होतं : भरलेलं मैदान, मॅडम माईकवर, आणि "माझा अर्ज कुठाय?" म्हणत प्रसेनजीत आपल्या दिशेनं चालत येतोय. पेन्शन थांबेल का, पोलीस येतील का, या शंका तर होत्याच. पण त्याहून मोठी भीती अशी, की ती भाजीवाली, तो पानपट्टीवाला, सगळी पेठ उद्यापासून आपल्याला क्लार्कसाहेब म्हणणार नाही. आजारी पडायचा विचार त्यांनी पक्का केला होता. पण मेळाव्याच्या रविवारी सकाळी मॅडमनी गाडीच पाठवली.

मैदानावर दोनशे-अडीचशे माणसं जमली होती. टक्कल पडलेली, पोट सुटलेली पोरं वर्गातनं आणून मांडलेल्या बाकांवर बसून एकमेकांना टपल्या मारत होती. नावं पुकारली जात होती. अर्ज हातात पडला की चांगली दणकट माणसं गप्प होत. एक ट्रक मालक बापाच्या सहीवर बोट फिरवत हमसून रडला. मॅडमचं गणित बरोबर होतं. वहीत दोन-दोन दिवसांची नावं भराभर चढत होती. सयाजीराव मात्र स्टेजच्या पडद्याच्या कडेला, फाटक कुठं आहे ते बघून उभे होते.

"प्रसेनजीत!" मॅडमनी पुकारलं आणि गठ्ठा चाळला. एकदा चाळला, दोनदा चाळला. "काका, यांचा अर्ज?"

"वाळवी," सयाजीराव म्हणाले.  "त्या गठ्ठ्याला वाळवी लागलेली."

प्रसेनजीत स्टेजजवळ आला होता. रुंद छातीचा, कानशिलं पांढरी झालेला. चिडला मुळीच नाही. उलट हसून माईक जवळ ओढला. "ऱ्हाऊ द्या मॅडम. वाळवीनं खाल्लं ते बरंच झालं. त्यात आमच्या म्हातारीची करामत हुती. पोरगं कधी झालं तेच तिला धड सांगता आलं न्हाय, म्हणून आमची मिलिटरी हुकली!" सगळं मैदान खो खो हसलं. "शाळेचा त्यात काय दोष? क्लार्कसायबांनी ती सांगंल तसं लिवलं. माझे बी दोन दिवस लिवा. पोरास्नी पळायला शिकवीन." मग माईक ठेवता ठेवता तो हळू आवाजात मॅडमना म्हणाला, "फकस्त आईनं मागितला हुता, वो. तिचा अंगठा बघायचा हुता तिला."

मैदान हसलं ते सयाजीरावांना सहन झालं नाही. वीस वर्षांपूर्वी ऑफिसात चार माणसं होती. आज अडीचशे माणसं त्या बाईला हसत होती, आणि हसवत होता तिचाच पोरगा. हे असंच चालत राहणार होतं. दरवर्षी मेळावा, दरवर्षी हा किस्सा. पळून जायला फाटक समोर होतं. पण प्रसेनजीत त्याच फाटकाकडं निघाला, आणि सयाजीरावांचे पाय त्याच्या मागं गेले. का गेले ते त्यांना पुढंही कधी सांगता आलं नाही.

फाटकाजवळ तो मोटरसायकलला किक मारत होता. सयाजीरावांनी खिशातला कागद काढून त्याच्यापुढं धरला. 

"वाळवी न्हाय लागली," ते म्हणाले. "माझ्याकडंच हुता."

प्रसेनजीतनं घड्या उलगडल्या. आधी अंगठा बघितला आणि त्याचा चेहरा मऊ झाला. मग नजर कडेला गेली. त्यानं ती ओळ एकदा वाचली, मग बोट ठेवून परत वाचली.

"हे अक्षार कुणाचं?"

"माझं."

"कवाचं?"

"त्याच दिवसाचं. ती सांगत हुती तवाच लिवलेलं."

"म्हंजे तिनं सांगितलं हुतं."

"व्हय. बराबर सांगितलं हुतं. तुकडीला पोरं कमी पडत हुती, म्हणून मी..."  आता एक थोबाडीत बसेल म्हणून त्यांनी डोळे मिटले. बसली असती तर बरं झालं असतं. पण काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा प्रसेनजीत गाडीच्या टाकीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत उभा होता, आणि एवढा मोठा माणूस धापा टाकत होता.

"मी तिला काय काय बोललो ठावं हाय?" तो शेवटी म्हणाला. "सात वर्सं धड बोललो न्हाय तिच्यासंगं. माझ्या लग्नात तिला कोपऱ्यात बसवली." त्यानं कागद खिशात घातला. "बसा मागं."

"कुठं?"

"गारगोटीला. मी न्हाय सांगणार तिला. तुमी सांगायचं."

वाट दीड तासाची होती. सयाजीराव मागं सीट धरून बसले होते. मुदाळतिट्ट्याला गाडी जरा हळू झाली तेव्हा उतरून पळावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. एकोणसाठ वर्षांचा माणूस, पळून जाणार तरी कुठं? पोराची भीती एव्हाना संपली होती. आता त्या म्हातारीची वाटत होती, आणि ती कितीतरी जास्त होती. ऑफिसच्या दारात उभं राहून तिनं आपल्याकडं बघितलेलं त्यांना आठवत होतं. ती काय म्हणेल? शिव्या देईल, रडेल, का नुसतंच पुन्हा "असंल मग" म्हणेल? ती तसं म्हणाली तर आपण तिथंच कोसळू, असं त्यांना वाटत होतं.

मीनाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. पार वाळून गेली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि लगबगीनं उठली. "आगं बाई, क्लार्क सायब! बसा की. सूनबाई, च्या टाक."

सयाजीराव बसले. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "हितं ऱ्हायला येऊन किती वर्सं झाली, मावशी?"

"त्ये पोराला इचारा," ती चटकन म्हणाली. "मला साल-तारीख काय ध्यानात ऱ्हात न्हाय, सायब. दवाखान्यात इचारत्यात, रेशनवर इचारत्यात. मी सांगतच न्हाय. चुकीचंच सांगंन."

प्रसेनजीत खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान दुसरीकडं वळवली.

सयाजीराव ओट्यावर पुढं सरकले. त्यांनी हात जोडले. "मावशी, तुमी चुकला न्हाईसा. तुमी जयंतीला झाला म्हणला हुता. चार पुरी म्हणला हुता. मी मुद्दाम दोन वर्सं वाढवली. आन् पोरगं इचारायला आलं तवा मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. कागूद खोटा हुता. तुमी खरं बोलत हुता."

मीनाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.   मग तिनं पोराकडं बघितलं, परत यांच्याकडं बघितलं, आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हंजे मी इसरले न्हवते."

"न्हाय, मावशी."

"मी म्हणायची, असं कसं इसरंन? कळा येत हुत्या तवा दारावरनं मिरवणूक चाललेली. ढोल वाजत हुता. सुईण म्हणली, बाबासाहेबाच्या दिशी आलाय, मोठा सायब हुईल. समदं ध्यानात हुतं माझ्या." तिचा आवाज एकदम चढला. "पर तुमी म्हणलासा कागूद बोलतो. मग मला वाटायला लागलं, आपल्याच डोस्क्यात कायतर बिघाड हाय. वीस वर्सं मी सोतालाच भ्याले, सायब. सोताच्या डोस्क्याला."

सयाजीरावांना वर बघवेना. आता शिव्या येतील म्हणून ते वाट बघत राहिले. शिव्या आल्या नाहीत. मीनाबाईनं मांडीवरची टरफलं झटकली, पदर सारखा केला आणि घरात हाक मारली, "शिवानी, गॅस बंद कर आन् भाईर ये. शेजारच्या आक्काला बी बोलीव."

सून दारात आली. कुंपणापलीकडनं आक्का डोकावली. मीनाबाई ओट्यावर ताठ बसली.

"हं, सायब," ती म्हणाली. "आता उभं ऱ्हावा आन् परत सांगा. मोठ्यानं."